धाकट्या मुलासाठी काय लिहून ठेवावं: मृत्युपत्र, ट्रस्ट आणि कराचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, वय ७१; पत्नी ६६. कोथरूडला १९९४ मध्ये साडेसहा लाखांना घेतलेला फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. मुदत ठेवी, म्युच्युअल फंड आणि थोडे शेअर मिळून साठेक लाख. सातारा जिल्ह्यात गावाकडे दोन एकर. थोरला मुलगा न्यू जर्सीत, मुलगी ठाण्यात, आणि धाकटा, वय ३४, जन्मापासून बौद्धिक अक्षमता असलेला, आईवडिलांजवळ. ‘मुंबईचे मेव्हणे म्हणतात, मृत्युपत्राच्या भानगडीत पडू नका. प्रोबेटमध्ये, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्यात, वर्षं जातात, आणि वारसा करही येतोय असं ऐकतो. दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर घर मुलीच्या नावे करून मोकळे व्हा. मुलगी म्हणते ट्रस्ट करा. आम्ही काय करावं?’

घर मुलीच्या नावे आत्ता करू नका. तुम्ही एक आणि वहिनींनी एक, अशी दोन वेगळी मृत्युपत्रं करा, आणि धाकट्यासाठीचा ट्रस्ट, म्हणजे त्याच्यासाठी मालमत्ता विश्वस्तांच्या हाती सोपवण्याची व्यवस्था, त्या मृत्युपत्रांतच लिहा. मुलगी म्हणते ते निम्मं बरोबर आहे. ट्रस्ट हवाच, पण आज सगळं घरदार त्यात घालायची गरज नाही. मेव्हण्यांचं म्हणणं मात्र तुमच्या घराला लागू पडत नाही. का, ते सांगते.

काहीच लिहून ठेवलं नाही तर काय होईल? हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुमच्या मागे तुमच्या हिश्शाचे चार सारखे भाग: पत्नी आणि तीन मुलं. दोघांच्याही मागे फ्लॅट तिघा भावंडांचा, प्रत्येकी एकतृतीयांश. ऐकायला न्याय्य वाटतं. पण धाकट्याला नाव गिरवता येत असलं, तरी त्याच्या सहीला खरेदीखतावर किंमत नाही. म्हणजे फ्लॅट विकणं, भाड्यानं देणं, सोसायटीच्या पुनर्विकासाच्या करारावर सही करणं, सगळं त्याच्या एकतृतीयांशापाशी अडणार. त्याच्यासाठी पालक नेमून घ्या, विक्रीला कोर्टाची परवानगी मागा, आणि या सगळ्याला लागणारा वेळ मोजा. माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं. इमारत पुनर्विकासाला गेलेली, बाकीचे सभासद भाड्याच्या घरांत राहायलाही गेले, आणि यांच्या घराचा करार एका भावाच्या सहीसाठी दीड वर्ष लटकलेला. भाऊ हसतमुखानं ऑफिसात बसून पेन मागत होता. त्याला सही करायची हौस होती.

आणि तुम्ही बहुधा लक्षात घेतलं नसेल अशी एक गोष्ट: मुलगा १८ वर्षांचा झाला त्या दिवसापासून कायद्याच्या नजरेत तुम्ही त्याचे पालक उरलेला नाहीत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी पालक नेमते. हा अर्ज तुम्ही हयात असताना, तुमच्या हातानं झाला पाहिजे. मृत्युपत्राआधीचं काम हे आहे.

आता कराबद्दल, कारण मेव्हण्यांची सगळी भीती तिथून आलेली दिसते. भारतात वारसा कर होता. १९५३ चा इस्टेट ड्यूटी कायदा, वरच्या टप्प्यावर दर ८५ टक्क्यांपर्यंत. वसुलीपेक्षा कटकट जास्त म्हणून तो १६ मार्च १९८५ पासून बंद झाला. त्यानंतर दर दोन-चार अर्थसंकल्पांआधी तो परत येणार अशी हूल उठते. आज तो नाही. मृत्युपत्रानं किंवा वारसानं जे मिळतं त्यावर घेणाऱ्यालाही आयकर नाही, रक्कम कितीही असो. आईवडिलांनी मुलांना हयातीत दिलेल्या बक्षिसावरही नाही. म्हणजे ‘कर वाचवायला आत्ताच द्या’ याला कराच्या बाजूनं काडीचाही आधार नाही.

कर लागतो तो पुढे वारस विकायला काढतात तेव्हा, आणि गैरसमज नेमका तिथे आहे. लोकांना वाटतं, वडील गेले त्या दिवशीचा भाव ही आपली खरेदी किंमत. तसं नाही. तुमची खरेदी किंमत तीच मुलांची. तुम्ही किती वर्षं घर धरलंत तेही त्यांच्या खात्यात मोजलं जातं. घर २००१ च्या आधीचं असल्यानं साडेसहा लाखांऐवजी १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो, रेडीरेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या) मर्यादेत. समजा तो ९ लाख आणि आजची विक्री १ कोटी ६० लाख. नफा १ कोटी ५१ लाख. २३ जुलै २०२४ नंतरच्या साडेबारा टक्के दरानं कर १८ लाख ८७ हजार ५००, अधिभार आणि उपकर वेगळे. आज तुम्हीच विकलंत तर निवासी म्हणून जुन्या पद्धतीचाही, म्हणजे महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरण्याचाही, पर्याय आहे: २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ धरला तर ९ लाखांचे ३३ लाख ८४ हजार होतात, आणि उरलेल्या नफ्यावर २० टक्क्यांनी २५ लाख २३ हजार. म्हणजे निर्देशांकाचा पर्याय असूनही तुमच्या बाबतीत नवा दरच स्वस्त. जे लोक निर्देशांक गेला म्हणून हळहळतात त्यांना मी आधी वही-पेन काढायला सांगते.

म्हणून एक काम या आठवड्यात करा. सरकारमान्य मूल्यांककाकडून २००१ सालचं मूल्यांकन करून घ्या, आणि मूळ खरेदीखत, सूची क्रमांक दोन आणि शेअर सर्टिफिकेट यांच्याबरोबर ते ठेवा. हा कागद मुलांना वीस वर्षांनी शोधावा लागला तर त्यांना तो मिळायचा नाही.

न्यू जर्सीच्या मुलाला त्याचे तिकडचे मित्र सांगतील की मृत्यूच्या दिवशीचा भाव हीच खरेदी किंमत. ते खोटं बोलत नाहीत. अमेरिकेचा कायदा तसाच आहे. पण भारतातलं घर विकताना भारताचा हिशेब भारताच्या नियमानं होतो. शिवाय तो अनिवासी असल्यानं निर्देशांकाचा पर्याय त्याला नाही, आणि खरेदीदार त्याच्या हिश्शावर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापणार. कमी दरानं कापण्याचा दाखला आधी काढला नाही तर नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर. पैसे तिकडे न्यायचे तर एनआरओ खात्यातून (अनिवासींच्या भारतातल्या रुपया खात्यातून) एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत. आणि एक लाख डॉलरच्या वर वारसा मिळाला तर त्याला अमेरिकेच्या कर खात्याला कळवावं लागतं. कर नाही, नुसतं कळवायचं. पण न कळवल्याचा दंड मोठा आहे. हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.

(आयकराच्या कलमांचे क्रमांक मी मुद्दाम देत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला, क्रमांक सगळे फिरले. तत्त्वं तीच आहेत.)

मग दोनशे रुपयांचं बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क खरंच दोनशे रुपये आहे. शहरात स्थानिक अधिभार वेगळा पडतो. सवलत चांगली आहे आणि योग्य घरात मी ती स्वतः सुचवते. पण बक्षीसपत्र नोंदलं की घर गेलं. उद्या मुलीवर, जावयावर काही कर्ज-खटला आला, किंवा देव न करो मुलगीच आधी गेली, तर घर तिच्या वारसांचं: नवरा आणि मुलं. धाकट्याचं नाव त्यात कुठेच नाही. मुलगी कितीही मायेची असो, तिच्या पश्चात तिच्या मायेचा दस्तऐवज होत नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात बक्षीस रद्द करायची सोय आहे हे खरं. पण सांभाळ करण्याच्या अटीवर दिलं होतं हे दाखवावं लागतं, आणि मुळात पोटच्या पोरीविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांपुढे उभं राहावं लागतं. आयत्या वेळी तिथे जाण्याची तयारी ठेवून आज सही करण्यात काय हशील?

प्रोबेटचं म्हणाल तर मेव्हणे मुंबईचे, म्हणून त्यांच्या डोक्यात ते बसलंय. मुंबई शहरातल्या मिळकतीसाठी किंवा तिथे केलेल्या मृत्युपत्रासाठी प्रोबेट सक्तीचं होतं. पुण्याला ती सक्ती तेव्हाही नव्हती. २०२५ च्या अखेरीस संसदेनं ही सक्ती करणारं, १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ काढून टाकलं, त्यामुळे मुंबईतही आता सक्ती उरली नाही. वाद झाला तर मात्र मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करावं लागतं, हे वेगळं.

आता ट्रस्ट. खासगी ट्रस्ट १८८२ च्या कायद्याखाली होतो. त्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागत नाही. तो दोन प्रकारे करता येतो: हयातीत, किंवा मृत्युपत्राद्वारे. हयातीत फ्लॅट ट्रस्टमध्ये घालायचा तर दस्त नोंदवावा लागतो आणि बाजारभावावर मुद्रांक शुल्क बसतं. ती दोनशे रुपयांची सवलत ट्रस्टला नाही. मृत्युपत्राला मुद्रांकच नाही. म्हणून ज्यांच्या घरात आज काही अडचण नाही त्यांनी घर मृत्युपत्रातून ट्रस्टकडे जाऊ द्यावं, असं माझं मत.

आयकरातही याचा फायदा आहे. विश्वस्तांनी आपल्या मर्जीनं कोणाला किती द्यायचं ते ठरवायचं, असा ट्रस्ट असेल तर त्याच्या उत्पन्नावर कमाल दरानं कर बसतो. लाभार्थी एकच आणि हिस्सा ठरलेला असेल तर लाभार्थ्याच्या दरानं. आणि मृत्युपत्रानं केलेला एकमेव ट्रस्ट असेल तर मर्जीचा असूनही त्याला कमाल दरातून सूट आहे. ‘एकमेव’ हा शब्द महत्त्वाचा. एका मृत्युपत्रात हौसेनं तीन ट्रस्ट लिहिले की ती सूट हातची गेली.

मृत्युपत्रातल्या ट्रस्टचा एक दोष आहे: तुम्ही गेल्यावरच तो जागा होतो. मधल्या काळात बँकेची कागदपत्रं, मृत्यू दाखला, ट्रस्टचा पॅन, खातं उघडणं, यात चार-सहा महिने सहज जातात, आणि धाकट्याला औषध रोज लागतं. त्यासाठी आजच वर्षभराच्या खर्चाइतकी रक्कम त्याची आई आणि बहीण यांच्या संयुक्त खात्यात वेगळी ठेवा. फक्त एवढ्यासाठी आणखी एक ट्रस्ट काढू नका.

विश्वस्त कोण, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. तुम्ही म्हणणार मुलगी. ठीक. पण धाकट्याच्या मागे ट्रस्टमध्ये उरलेलं कोणाला जाणार? तेही मुलीला आणि थोरल्याला. म्हणजे भावाच्या मदतनिसाचा पगार, दाताची कवळी, माथेरानची सहल, जे काही ती खर्च करील ते तिच्याच मुलांच्या वाट्यातून जाणार. माणूस वाईट नसतो, पण हात आखडतो. म्हणून तिच्या जोडीला ज्याला शेवटी काही मिळायचं नाही असा एक विश्वस्त घ्या: तुमचा भाचा, विश्वासातले सीए, किंवा अशा मुलांच्या पालक संघटनेतलं कुणी. वयानं तुमच्यापेक्षा वीस वर्षं तरी लहान. ते नसतील तर पुढे कोण, हेही लिहा. पुढे तो एखाद्या निवासी संस्थेत राहिला तर उरलेली रक्कम त्या संस्थेला देण्याचा मोह होईल. तिथेही हाच पेच आहे, जास्त कडक: ज्यांनी त्याच्यावर खर्च करायचा त्यांनाच उरलेलं मिळणार.

आणि विश्वस्तांना फ्लॅट विकायचा, भाड्यानं द्यायचा, पुनर्विकासाचा करार करायचा अधिकार स्पष्ट शब्दांत द्या. ‘घर विकू नये’ असं भावनेच्या भरात लिहिलेली मृत्युपत्रं मी बरीच पाहिली आहेत. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, पन्नाशीच्या धाकट्याला ते घर नको झालेलं असतं.

तुम्ही सरकारी निवृत्तिवेतनधारक आहात, म्हणून एक वेगळी गोष्ट. अर्थार्जन करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आजन्म मिळू शकतं. त्याचं नाव आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र तुमच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत तुम्ही असतानाच नोंदवा. मागाहून बहिणीनं कोषागारात खेटे घालण्यापेक्षा तुमची आजची एक चक्कर बरी.

नामनिर्देशनाबद्दल. तुम्ही लिहिलंय की सोसायटीत आणि सगळ्या फंडांना मुलीचं नाव नॉमिनी म्हणून दिलंय, ‘म्हणजे तेवढं झालंच’. झालेलं नाही. नॉमिनी हा रखवालदार. मालक वारस किंवा मृत्युपत्रात लिहिलेला. शेअरच्या बाबतीत हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ ला निकाल लागला. तो खटला ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातला होता. सोसायटीतही नॉमिनीला मिळतं ते तात्पुरतं सभासदत्व. विम्याचं थोडं वेगळं आहे: २०१५ पासून आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच होतात. तेव्हा विम्याला धाकट्याचं नाव थेट असेल तर ते तपासा. ती रक्कम त्याच्या खात्यात जाऊन पडेल आणि तिथून हलवणं जड जाईल. बाकी नॉमिनी आणि मृत्युपत्र यांत शक्य तितका मेळ ठेवा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी देता येतात.

गावाकडची दोन एकर ट्रस्टमध्ये घालू नका. ट्रस्ट शेतकरी नसतो, आणि १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ मृत्युपत्रालाही आडवं येतं. गुजरातेतल्या त्याच मुळाच्या कायद्यावर सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये तसं सांगितलं. त्याआधी मला दोन गोष्टी हव्या आहेत. जमीन तुमच्या वडिलांची स्वकष्टार्जित होती की आजोबांच्या एकत्र कुटुंबाची? पहिली असेल आणि वडील मृत्युपत्राविना गेले असतील तर तुमच्या वाट्याला आलेली जमीन तुमची. तुम्ही ती हवी तशी लिहून देऊ शकता. दुसरी असेल तर त्यात मुलांचा जन्मतः हिस्सा, मुलीचाही, आणि मृत्युपत्रात फक्त तुमचा भाग येईल. गावात दोन्हीला ‘वडिलोपार्जित’च म्हणतात, म्हणून फेरफार बघितल्याशिवाय मी बोलत नाही. दुसरं: तुम्हाला बहीण आहे का, आणि वडिलांच्या वारस फेरफारात तिचं नाव आहे का? सातबाऱ्यावर बहिणींची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकायची पद्धत होती. ते नाव तिथे असो वा नसो, तिचा हक्क जात नाही. तिनं आपखुशीनं हक्कसोडपत्र दिलं तर उत्तम. नाहीतर तिचा वाटा बाजूला ठेवूनच पुढचं बोलू. जमीन नगरपालिकेच्या हद्दीपासून कायद्यात दिलेल्या अंतराबाहेर असेल (त्या नगरपालिकेच्या लोकसंख्येप्रमाणे २, ६ किंवा ८ किलोमीटर) तर विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. मुलांपैकी कुणी कसणार नसेल तर हयातीत विकून पैसे करणं मला शहाणपणाचं वाटतं, पण हा तुमचा आणि गावाचा प्रश्न.

सहीचं सांगते आणि थांबते. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. स्टँप पेपर लागत नाही. नोंदणीही ऐच्छिक आहे, तरी तुमच्या बाबतीत मी दुय्यम निबंधकाकडे नोंदवीन, कारण तिथे फोटो आणि अंगठा येतो. दोन साक्षीदार. तुम्ही सही करताना त्यांनी पाहिलं पाहिजे आणि तुमच्या समोर त्यांनी सही केली पाहिजे. आत काय लिहिलंय ते त्यांना कळायची गरज नाही. ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत, खोलीतही नकोत. मुलीला त्या दिवशी ठाण्यातच राहू दे. सकाळच्या फिरण्यातले मित्र साक्षीदार म्हणून आणू नका, ते तुमच्याच वयाचे असतात. एका प्रकरणात नऊ वर्षांनी साक्षीदाराला उलटतपासात विचारलं, ‘ते कोणत्या हातानं चष्मा धरून वाचत होते?’ तो शांतपणे म्हणाला, ‘चष्मा नव्हता, त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मीच वाचून दाखवलं.’ मृत्युपत्र टिकलं. तेव्हा साक्षीदार तरुण आणि लक्ष असलेला हवा. प्रत्येक पानावर सही, पान क्रमांक, खाडाखोड नाही. शेवटच्या पानावर नुसत्या सह्या आणि मजकूर आधीच्या पानावर, असं कधीच छापू नये. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

दोघांचं मिळून एकच मृत्युपत्र करू नका. एक गेल्यावर दुसऱ्याला ते बदलता येतं की नाही यावर वकिलांची पोटं भरतात. आणि मूळ प्रत लॉकरमध्ये ठेवू नका. तुमच्या मागे लॉकर उघडायलाच तो कागद मागतील.

येताना खरेदीखत, वडिलांच्या नावाचा वारस फेरफार, निवृत्तिवेतनाचं पुस्तक आणि धाकट्याचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणा. वहिनींना एक दोनशे पानी वही करायला सांगा: तो काय खातो, कोणत्या गोळीनं झोप उडते, कुकरच्या शिट्टीला घाबरतो का, कोणत्या शेजाऱ्याकडे आपणहून जातो. ती वही मृत्युपत्राचा भाग नसते. पण विश्वस्तांना पहिल्या रात्री तीच लागते.